युद्धोत्तर पाणीपुरवठ्याची आखणी : बुटीबोरीतील एक अनुभव

युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या प्रदेशातील पाणीपुरवठा म्हटला की बॉम्बने फुटलेली जलवाहिनी किंवा आडवी पडलेली उंच टाकी डोळ्यांसमोर येते. परंतु पाणी बंद पडण्याचे कारण पुष्कळदा नळापासून बरेच दूर, एखाद्या वीज केंद्रात असते. १९९१ च्या आखाती युद्धात इराकमधील वीजनिर्मिती केंद्रांवर हल्ले झाले, तेव्हा अनेक जलशुद्धीकरण केंद्रांच्या इमारती जागच्या जागी उभ्या होत्या, तरीही पंप थांबल्यामुळे नळ कोरडे पडले, मैलापाणी उपसणारी यंत्रणाही थांबल्यामुळे ते नद्यांत उतरले, आणि पुढील महिन्यांत अतिसार, विषमज्वर व कॉलरा यांनी बाँबहल्ल्यांत वाचलेल्यांना गाठले. त्यानंतरच्या निर्बंधांच्या काळात सुटे भाग आणि क्लोरीन मिळणे दुरापास्त झाले. विजेपाठोपाठ जातात ती माणसे : कोणता व्हॉल्व्ह कोणत्या गल्लीचे पाणी सोडतो हे ज्यांना ठाऊक असते ते कर्मचारी पगाराअभावी किंवा जिवाच्या भीतीने निघून जातात आणि नकाशे कार्यालयाबरोबर जळतात. पुनर्बांधणीच्या अंदाजपत्रकात पाइपांची किंमत धरता येते, या माहितीची धरता येत नाही, आणि म्हणून ती बहुधा धरलीच जात नाही.

दाब नसलेल्या जलवाहिनीत नेमके काय घडते हे समजून घेतल्याशिवाय पुढील विवेचन स्पष्ट होणार नाही. वाहिनीत दाब असतो तोवर तिच्या कच्च्या सांध्यांतून पाणी बाहेर झिरपते. दाब गेला, आणि त्यातच कोणी पाणी ओढू लागले, की आत उणा दाब तयार होऊन आसपासच्या मातीतील पाणी, गटाराच्या पाण्यासह, त्याच सांध्यांतून आत शिरते. ज्या वस्तीत दिवसाआड पाणी येते आणि नळ सुटताच घरोघरी टुल्लू पंप लागतात, तेथील गृहिणींना हे शास्त्र शिकवावे लागत नाही. पहिली काही मिनिटे येणारे वासाचे पाणी त्या अंगणात सोडून देतात आणि मगच गुंड भरतात. विदर्भातील गावांत हे उन्हाळ्यापुरते घडते, तर युद्धग्रस्त शहरात ते वर्षानुवर्षे चालू राहते, आणि म्हणून तेथे पाणी शुद्ध करण्याइतकेच ते सतत वाहते ठेवणे महत्त्वाचे ठरते.

प्रस्तुत लेखकाचा या विषयाशी संबंध आला तो युद्धभूमीवर नव्हे, तर नागपूरच्या दक्षिणेस वर्धा मार्गावर वसलेल्या बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका यंत्रशाळेत, जेथे जलशुद्धीकरणाचे तयार संच बांधून बाहेर पाठवले जातात. बुटीबोरी हे या कामासाठी वाटते तितके अनपेक्षित ठिकाण नाही. ही वसाहत स्वतःच दुरून आणलेल्या पाण्यावर, म्हणजे वेणा नदीवरील वडगाव जलाशयावर, उभी आहे. पाण्याशिवाय कारखान्याची एक पाळीही निघत नाही हे येथील कामगाराला ठाऊक आहे. वेल्डर, फिटर आणि इपॉक्सी रंग मारणारे कारागीर हाकेच्या अंतरावर मिळतात. आणि नागपुरात १९५८ साली स्थापन झालेली, आज नीरी या नावाने ओळखली जाणारी पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था आहे, जिच्या ग्रंथालयातील पाणीपुरवठ्यावरचे जुने अहवाल अशा कामात नव्या सॉफ्टवेअरहून अधिक उपयोगी पडतात.

मागणी आली होती ती उत्तर इराकमधील निनेवे प्रांतातील एका लहान नगरासाठी. या प्रांताचे मुख्य शहर मोसूल हे जून २०१४ पासून इस्लामिक स्टेटच्या ताब्यात होते आणि जुलै २०१७ मध्ये मोठ्या लढाईनंतर मुक्त झाले. टायग्रिसच्या पश्चिमेकडील जुने शहर तर त्या लढाईत अक्षरशः ढिगाऱ्यात गेले. इराकमध्ये नदीकाठच्या लहान वस्त्यांसाठी ‘कॉम्पॅक्ट युनिट’ म्हणून ओळखला जाणारा संच सर्वत्र वापरात आहे. त्यात नदीचे पाणी उपसून त्यात तुरटी मिसळली जाते, तुरटीमुळे मातीचे सूक्ष्म कण एकत्र येऊन गुठळ्या बांधतात, त्या तिरक्या नळ्यांच्या जुडग्यात खाली बसतात, उरलेले पाणी वाळूच्या बंद गाळण्यांतून दाबाने जाते आणि शेवटी त्यात क्लोरीन सोडला जातो. यात नवे काहीच नाही. नवेपणा नसणे हाच या संचाचा गुण आहे, कारण तो चालवणाऱ्याने असा एक तरी संच आधी पाहिलेला असतो.

मागणी ताशी १०० घनमीटरची होती. दिवसाला वीस तास संच चालला तर वीस लाख लिटर पाणी मिळते, जे माणशी १०० लिटर धरल्यास वीस हजार लोकांना पुरते. परंतु आपत्तीच्या काळासाठी आंतरराष्ट्रीय मदत संस्था मानतात ते किमान प्रमाण, म्हणजे माणशी १५ लिटर, धरले तर तेच पाणी सव्वा लाखाहून अधिक लोकांची तहान भागवते. युद्धानंतर एखाद्या नगरात किती लोक परत येतील हे कोणीच सांगू शकत नाही, त्यामुळे या दोन आकड्यांमधले सगळे अंतर हेच आखणीचे खरे क्षेत्र असते. म्हणून एका मोठ्या पंपाऐवजी ५० घनमीटरचे दोन आणि राखीव एक असे तीन पंप घेतले गेले. याला दुसरेही कारण होते : मोटर सुरू होताना ती नेहमीच्या कित्येक पट विद्युतप्रवाह खेचते आणि जनरेटर त्या क्षणिक ओझ्याच्या हिशेबाने घ्यावा लागतो, तेव्हा दोन लहान मोटरी एकीमागून एक सुरू केल्यास लहान जनरेटर पुरतो आणि डिझेलही कमी जळते. जेथे डिझेल मिळवणे हाच एक स्वतंत्र संघर्ष असतो, तेथे ही बचत कागदावरची राहत नाही.

गाळण्यांचा व्यास मात्र जलशास्त्राने ठरवला नाही. तो जहाजाच्या कंटेनरने ठरवला. कंटेनरची आतली रुंदी साधारण २.३५ मीटर असते, म्हणून बाहेर आलेल्या तोट्यांसह मावेल अशी २ मीटर व्यासाची टाकी घ्यावी लागली आणि अशा सहा टाक्यांनी मिळून सुमारे १९ चौरस मीटर गाळणक्षेत्र झाले. म्हणजे एक टाकी बॅकवॉशला, अर्थात वाळू उलट्या प्रवाहाने धुवायला, घेतली तरी उरलेल्या पाचांतून पाण्याचा वेग ताशी साडेसहा मीटरच्या आत राहतो. न्हावा-शेवाहून उम्म कसर बंदरापर्यंत आणि पुढे रस्त्याने उत्तरेकडे जाणाऱ्या मालाला हा हिशेब चुकवता येत नाही. साराजेव्होच्या वेढ्यात १९९३ साली फ्रेड क्युनी या अमेरिकी अभियंत्याने शुद्धीकरणाचे संच मालवाहू विमानात मावतील अशा मापाचे बनवून घेतले आणि तोफांपासून बचावासाठी रस्त्याच्या एका बोगद्यात बसवले, ते याच तर्काने. क्युनी पुढे १९९५ मध्ये चेचन्यात बेपत्ता झाला. त्याच्या कामाचा उल्लेख या विषयावरील पाठ्यपुस्तकांत यायला हवा तितका येत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

संच रवाना होण्यापूर्वी त्याची चाचणी घ्यावी लागते आणि त्यासाठी गढूळ पाणी लागते. बुटीबोरीत ते फुकट मिळते : शेताच्या बांधावरची काळी माती टाकीत कालवली की झाले. ही कापसाची माती अतिशय बारीक कणांची असते आणि पाण्यात कालवल्यावर सकाळची दुपार झाली तरी खाली बसण्याचे नाव घेत नाही. तुरटीची मात्रा ठरवण्याची पद्धत अशी की एकाच पाण्याचे सहा ग्लास एका रांगेत ठेवून प्रत्येकात वाढत्या प्रमाणात तुरटी घालतात, आधी जोरात आणि मग संथ ढवळतात, आणि कोणत्या ग्लासात टाचणीच्या टोकाएवढ्या गुठळ्या होऊन वर नितळ पाणी राहते ते पाहतात. पहिल्या दोन ग्लासांत चहासारखे पाणी तसेच राहिले, चौथ्यात गुठळ्या दिसू लागल्या आणि पाचव्यात तळाशी मऊ करडा थर बसला. टायग्रिसचा गाळ चुनखडीयुक्त असतो आणि काळ्या मातीपेक्षा लवकर बसतो, त्यामुळे काळ्या मातीवर उतरलेला संच तेथे नक्कीच चालेल असा अंदाज बांधता आला. हवामानाची चाचणी वेगळी घ्यावी लागली नाही. नागपूरचा मे महिना आणि मोसूलचा जुलै यांत रबराच्या गॅस्केटच्या दृष्टीने फारसा फरक नाही.

या चाचणीच्या पाहणीसाठी इराकहून आलेल्या मंडळींत एक वयस्क पंपचालक होता. इतर सदस्य नियंत्रण फलकावरील रंगीत पडद्याभोवती जमले असताना तो फलकाकडे न पाहता सरळ गाळण्यांकडे गेला, प्रत्येक व्हॉल्व्ह हाताने पूर्ण बंद करून पुन्हा उघडला आणि किती आटे फिरतात ते ओठांतल्या ओठांत मोजत राहिला. मग दुभाष्यामार्फत त्याने एवढेच विचारले की फलक बंद पडला तर कोणते व्हॉल्व्ह कोणत्या क्रमाने फिरवायचे. यंत्रशाळेत फिटर म्हणून काम करणारे आणि पूर्वी गावच्या नळयोजनेवर व्हॉल्व्हमन राहिलेले एक काका हे सगळे पाहत होते. त्यांनी दुभाष्याची वाट पाहिली नाही. खडूने व्हॉल्व्हवर आकडे टाकले, बॅकवॉशचा क्रम बोटांनी दाखवला आणि त्या दोघांनी तो तीन वेळा करून पाहिला. त्यानंतर आखणीत जे बदल झाले ते सर्व याच भेटीतून आले : स्वयंचलित झडपा काढून हाताने फिरणारे व्हॉल्व्ह बसले, त्यांवर अरबी आणि कुर्दी भाषांत आकड्यांच्या पट्ट्या लागल्या, प्रत्येकाचे आटे पट्टीवरच कोरले गेले, आणि बेअरिंगही असे निवडले गेले की ज्याचा क्रमांक बुटीबोरीच्या बसथांब्याजवळच्या दुकानात मिळतो, कारण तो मोसूलच्या बाजारातही मिळतो.

दुरुस्ती करणाऱ्याला धरून रचना करण्याचा हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातील आणि १९७० च्या दशकाच्या आरंभीच्या अवर्षणांत मराठवाड्यात व सोलापूर भागात खोल बोअर घेण्यात आले, पण त्यांवर बसवलेले ओतीव लोखंडी हातपंप एका घरासाठी बनवलेले होते आणि सबंध गावाच्या वापराने लवकर निकामी होत. जालना आणि सोलापूर येथील ख्रिस्ती सेवाभावी संस्थांच्या कार्यशाळांत यावर पोलादी पंप तयार झाले, आणि सोलापूर पंपाच्या रचनेवरून युनिसेफच्या पुढाकाराने सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘इंडिया मार्क दोन’ हा हातपंप आकारास आला. विदर्भात ज्याला लोक नुसते ‘बोरिंग’ म्हणतात तोच हा पंप पुढे सुदान आणि युगांडासारख्या यादवीने पोळलेल्या देशांतही पोहोचला. त्याचीही मर्यादा होतीच : आतला दट्ट्या बदलण्यासाठी सबंध पाइप वर ओढावा लागे, ज्याला तिपाई आणि प्रशिक्षित तुकडी लागते, म्हणून ‘मार्क तीन’मध्ये पाइप रुंद केला गेला, जेणेकरून दट्ट्या आतल्या आत वर काढता येतो. पाणी किती वर येते यापेक्षा बिघाड कोण दुरुस्त करणार हा प्रश्न रचनेच्या केंद्रस्थानी आला, तो येथे. मोसूलसारख्या दाट शहराला हातपंप पुरणार नाहीत हे उघड आहे, पण निकष तोच राहतो.

मोठ्या कामांना हा निकष लावणे अवघड जाते. अफगाणिस्तानच्या हेरात प्रांतातील हरी रुद नदीवरील सलमा धरणाचे काम १९७६ मध्ये सुरू झाले, यादवीत थांबले, १९८८ मध्ये भारताच्या वॅपकॉस या सरकारी कंपनीकडे आले, पुन्हा थांबले, आणि अखेर ४ जून २०१६ रोजी त्याचे उद्घाटन झाले. ४२ मेगावॅट वीज आणि ७५ हजार हेक्टरांचे सिंचन हे त्याचे उद्दिष्ट होते. चाळीस वर्षांत पूर्ण झालेल्या धरणाला अपयश म्हणता येणार नाही, परंतु ती चाळीस वर्षे खोऱ्यातल्या माणसांनी कशावर काढली हेही पाहावे लागते. उलट बाजूने, ६ जून २०२३ रोजी युक्रेनमधील काखोव्का धरण फुटले तेव्हा एका रचनेवर किती नगरांचे पाणी अवलंबून होते ते दिसून आले. जिनिव्हा करारांच्या १९७७ मधील पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलमधील ५४ वे कलम पिण्याच्या पाण्याच्या सोयींवर हल्ला करण्यास मनाई करते. अभियंत्याने मात्र ते पाळले जाणार नाही असे धरूनच आखणी करावी लागते.

शेवटचा वाद क्लोरीनचा होता आणि तो अजून मिटलेला नाही. वायूच्या सिलिंडरमधून क्लोरीन देणे सर्वांत स्वस्त. पण इराकमध्ये २००६–०७ च्या सुमारास हेच सिलिंडर बाँबांत वापरले गेले असल्याने त्यांच्या वाहतुकीवर कडक पहारा असतो आणि एखादे सिलिंडर नाक्यावर अडकले की नगराचे पाणी असुरक्षित होते. मिठाच्या पाण्यातून वीज सोडून जागेवरच क्लोरीन तयार करणारे यंत्र हा दुसरा मार्ग. मीठ कोठेही मिळते, पण त्या यंत्राचे लेप दिलेले विद्युताग्र बाहेरून मागवावे लागतात आणि वीज गेली की तेही थांबते. यंत्रशाळेतील मंडळी आजही या दोन पक्षांत वाटली गेलेली आहेत. तडजोड म्हणून यंत्रासोबत एक प्लास्टिकचा पिंप आणि थेंबाथेंबाने सोडणारी तोटी पाठवली गेली, ज्यात गरज पडल्यास ब्लीचिंग पावडरचे, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतींत ज्याला टीसीएल म्हणतात त्याचे, द्रावण भरता येते. उन्हात ही पावडर लवकर निकामी होते, म्हणून पिंपावर ती सावलीत ठेवण्याची सूचना छापावी लागली. निविदेत अशा पिंपाची नोंद नव्हती. त्याचा खर्च ‘इतर साहित्य’ या सदरात दाखवण्यात आला.