अवधान

आजारपणाने माणूस शहाणा होतो की नाही, मला ठाऊक नाही. माझ्या शब्दज्ञानात मात्र गेल्या वर्षीच्या भाद्रपदात थोडी भर पडली. वीस वर्षे मी बी. ए.च्या वर्गाला ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय शिकवीत आलो आहे. त्याच्या आरंभीच ज्ञानदेव श्रोत्यांकडे अवधान मागतात. या एका शब्दावर मी पाऊण तास सहज बोलतो. (मागच्या बाकांवर तेवढा वेळ ते कोणी देत नाही, ही गोष्ट वेगळी.)

त्या दिवशी तिसऱ्या तासालाच मला थंडी भरली. हिवताप असावा असे समजून घरी आलो आणि पांघरूण ओढून पडलो. संध्याकाळी उजव्या जांघेत एक दुखरी गाठ हाताला लागली. अशा वेळी माणसाच्या मनात जे जे भलते विचार येतात, ते सारे येऊन गेले. शेवटी आईला सांगितले. ती ज्वारी निवडीत होती. सुपातून मान वर न करता म्हणाली, "औधान आलंय. पाय बघ आधी."

पाय पाहिला. घोट्यापासून पोटरीपर्यंत लालभडक, तापलेला आणि तट्ट फुगलेला. पायाला काही झाले की जांघेत येणाऱ्या गाठीलाही अवधान म्हणतात, हे मी लहानपणी शंभरदा ऐकले असेल, एम. ए. झाल्यावर विसरलो होतो. पायाने लक्ष मागितले होते आणि मी ते दिले नव्हते, एवढाच त्याचा अर्थ.

दुसऱ्या दिवशी अंबाजोगाईच्या सरकारी इस्पितळात गेलो. डॉक्टर माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचे. त्यांनी बॉलपेन काढले आणि लाली जिथे संपत होती तिथे पायावर सरळ रेघ ओढली. "उद्या ही ओलांडते का बघू." आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्यांवर रेघा ओढणाऱ्याच्या पायावर कोणी तरी रेघ ओढावी, याची त्या तापातही मला मौज वाटली. मग त्यांनी एक चमत्कारिक गोष्ट केली. सुजलेली पोटरी सोडून ते पायाची बोटे फाकवून पाहू लागले. करंगळीच्या फटीत कातडी पांढरी, भिजट झाली होती, आणि तिच्या मधोमध एक बारीक चीर.

"सर, चोर इथून आत शिरला."

चिखल्याच त्या! आमच्याकडे पावसाळ्यात दहातल्या चौघांना होतात. त्यांच्यासाठी कोणी इस्पितळात जात नाही. मला होण्याचे कारण मात्र चिखल नव्हता. प्राध्यापकाने चपला घालून वर्गावर जाऊ नये हा माझाच दंडक; त्यापायी पावसात भिजलेले नायलॉनचे मोजे मी संध्याकाळी पाचपर्यंत बुटांत कोंडून ठेवीत असे. त्या ओलीत बुरशी वाढते, कातडी फुटते, आणि एरवी निमूट बसलेले स्ट्रेप्टोकोकस जातीचे जंतू आत घुसतात. डॉक्टर या रोगाला सेल्युलायटिस म्हणतात. त्याचाच कातडीच्या वरच्या थरात पसरणारा भाऊ म्हणजे आपले धावरे. संस्कृतात त्याला विसर्प म्हणतात. संस्कृतात तो सरपटतो, मराठीत धावतो. माझ्या पायावरच्या रेघेपुरते सांगायचे तर मराठी खरी ठरली. सकाळपर्यंत लाली बोटभर पुढे गेली होती. मग सुया सुरू झाल्या आणि चौथ्या दिवशी ती मागे हटली.

पडल्या पडल्या डॉक्टरांना मी विचारले, "मला साखर नाही, मग हे कसे?" त्यांनी सांगितलेली हकीकत मी पुढे स्वतः वाचली. फ्रान्समधल्या सात इस्पितळांतले 167 रोगी आणि त्यांच्याशी ताडून पाहिलेली 294 माणसे, असा एक अभ्यास 1999 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला आहे. त्यात मधुमेह, दारू, तंबाखू यांच्याकडे बोट दाखवता आले नाही. (मधुमेह्यांनी यावरून निर्धास्त होऊ नये, त्यांच्या पायांना इतर भये पुष्कळ आहेत.) खरे गुन्हेगार निघाले ते कातडीतली चीर आणि पायाची जुनी सूज, लठ्ठपणाचा वाटा त्यामानाने थोडा. बोटांच्या फटी निरोगी असत्या तर दहातली सहा दुखणी टळली असती, असा त्यांचा हिशेब. सुजेची गोष्ट तर दुष्टचक्राची आहे. कातडीखाली पाणी वाहून नेणाऱ्या बारीक रसवाहिन्या प्रत्येक दुखण्यात थोड्या बिघडतात, सूज पुरती उतरत नाही, आणि सुजलेला पाय पुढच्या दुखण्याला निमंत्रण देतो.

हे चक्र मी पट्टी बांधण्याच्या खोलीबाहेरच्या बाकावर पाहिले. शेजारी एक बाई बसली होती. तिचा डावा पाय उजव्याच्या दीडपट. हे तिचे तिसरे दुखणे. वर्षातले पाच महिने ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते. उसाचे पाते कातडी कापते, पाणी दिलेल्या फडात पाय भिजतात, टाचांच्या भेगांत माती बसते. डॉक्टरांनी तिलाही माझ्यासारखेच सांगितले : पाय उशीवर उंच ठेवा, फटी कोरड्या ठेवा, विश्रांती घ्या. ती हसली. "कोपीत उशी कुठली, साहेब? आन् खाडा झाला की मुकादम पैसे कापतो." तिच्याबरोबर आलेली मुलगी मला पाहून उभी राहिली. माझ्याच दुसऱ्या वर्षाच्या वर्गातली.

दिवाळी जवळ आली तशी गावोगावच्या ट्रॅक्टरांची जुळवाजुळव सुरू झाली. एका संध्याकाळी ती मुलगी नवव्या अध्यायाची टिपणे मागायला घरी आली. टिपणांबरोबर मी बुरशीच्या मलमाची नळी दिली आणि ते कसे लावायचे ते सांगितले. तिने सारे वहीत उतरून घेतले. उंबऱ्यात थांबून म्हणाली, "सर, आईला कालपासून औधान आलंय. थंडी पण वाजती. गाडी पहाटे हाय. उचल घेतलीय."

मी चपला सरकवल्या आणि तिच्याबरोबर निघालो. रात्री दहाला त्या बाईच्या पायावर रेघ ओढली गेली आणि तिला भरती करून घेतले. बहीण उशाशी बसली. नवरा व्हरांड्यात उकिडवा बसून होता. कोयता म्हणजे दोन माणसे. एकट्याचा कोयता धरीत नाहीत.

सुट्टीनंतरच्या पहिल्या तासाला हजेरी घेताना त्या मुलीचा नंबर आला. मागच्या बाकावरून कोणी तरी सांगितले, "कारखान्याला गेली, सर. आईच्या जागी."

तिच्या नावापुढची चौकट मी कोरी ठेवली आणि पुढचा नंबर पुकारला.