नंबर तीनचा पॅड

विकांताला हापिसचं काम घरी आणायचं नाही, हा नियम मी कटाक्षाने पाळतो. त्याऐवजी तळघरात तसलाच एक प्रकल्प काढतो, आणि तोही वेळेत संपत नाही. आधी बुकशेल्फ झालं, मग पाव झाला. 2022च्या ऑक्टोबरात वाईन काढायला घेतली.

न्यू जर्सीत हे वाटतं तेवढं विचित्र नाही. सप्टेंबर संपता संपता कॅलिफोर्नियाची द्राक्षं ट्रकांनी इकडे येतात, 36 पौंडांच्या, म्हणजे साधारण 16 किलोच्या खोक्यांत. ही प्रथा जुनी आहे. 1920 ते 1933 दारूबंदी होती तेव्हाही घरच्या फळांच्या रसापुरती कायद्यात फट होती, आणि त्या फटीतून रेल्वेच्या वाघिणी भरभरून द्राक्षं इथल्या इटालियन वस्त्यांत येत. आज घरात एक सज्ञान माणूस असेल तर वर्षाला 100 गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर 200 गॅलन वाईन करायला केंद्राचा कायदा परवानगी देतो. विकायची मात्र नाही.

आमच्या शेजारी ऐंशीच्या पुढचे एक आजोबा राहतात. त्यांची नातवंडं त्यांना नोन्नो म्हणतात, म्हणून सगळी गल्लीच म्हणते. दर वर्षी ते तळघरात वाईन करतात. त्यांच्याच हाताने फिरवायच्या प्रेसमधून मी तीन खोकी मस्कत द्राक्षं पिळून आणली, यीस्ट घातलं, आणि 23 लिटरचा काचेचा बुधला भरला. पुढचे काही आठवडे बुडबुडे मोजण्यात गेले. (आमच्या हिच्या मते एवढं लक्ष मी कुठल्याच माणसाकडे देत नाही. असो.)

डिसेंबरपर्यंत साखर संपली, गाळ बसला, वरची निवळी मी दुसऱ्या बुधल्यात ओढून घेतली. पण ती काही नितळ होईना. टॉर्च धरला की धुकं. बेंटोनाइट नावाची माती घालून पाहिली. ती वाईनमधली प्रथिनं धरून खाली बसते. आपल्याकडे पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात तुरटी फिरवतात ना, त्यातलाच प्रकार. धुकं कमी झालं, गेलं नाही.

नोन्नोंना विचारलं. म्हणाले, "पोरा, एक उन्हाळा बुधल्यातच जाऊ दे तिला. मग भर बाटल्या."

का ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण मार्चमध्ये आमच्याकडे जेवणाला वीस माणसं यायची होती आणि एव्हाना सगळ्यांना मी सांगून बसलो होतो.

मग मशीन आणलं. प्लेट फिल्टर म्हणजे प्लॅस्टिकच्या खाचा असलेल्या तबकड्या, त्यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्यासारखे पॅड, सगळं स्क्रूंनी घट्ट आवळलेलं, आणि शेजारी छोटा पंप. पॅड तीन. मला आधी वाटलं वाईन पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाते. तसं नाही. तिन्ही पॅड एकाच नंबरचे लावायचे आणि वाईन तिघांत वाटली जाते. लोड बॅलन्सरच म्हणा ना! बारीक गाळायचं तर मशीन उघडून पुढच्या नंबरचे पॅड लावायचे आणि पुन्हा सगळी वाईन फिरवायची. नंबर एक जाड, दोन मधला, तीन सगळ्यात बारीक. पॅडची एक बाजू खरखरीत असते, एक गुळगुळीत. वाईन खरखरीत बाजूने आत शिरली पाहिजे, नाहीतर पॅड लगेच तुंबतो. आणि आधी ते भिजवून चार-पाच लिटर पाणी ओढून टाकावं लागतं. मी पहिल्यांदा आळस केला तेव्हा पहिला ग्लास वहीच्या पुठ्ठ्यासारखा लागला.

पण काम काय सुंदर होतं! नंबर दोनमधून वीसेक मिनिटांत सगळी वाईन गेली. इकडच्या नळीत धुकं, तिकडच्या नळीत फिकट सोनं. आजी शिकेकाई वस्त्रगाळ करायची तेव्हा फडक्याखाली जमणाऱ्या त्या मऊ ढिगाकडे मी असाच बघत बसायचो. तबकड्यांच्या कडांतून थेंब थेंब गळत होतं. ते प्रत्येक मशीनमध्ये गळतं, म्हणून खाली ताट असतं.

आता मूळ मुद्दा. यीस्टने सगळी साखर खाल्लेली म्हणजे वाईन ठार कोरडी. आणि आमच्या मित्रमंडळात कोरडी वाईन म्हणजे महागडं आंबट पाणी. म्हणून मी 700 ग्रॅम साखर घालायचं ठरवलं. साखर घातली की उरलेलं यीस्ट ती पुन्हा खाणार, बाटलीत गॅस करणार, हे मला माहीत होतं. त्यावर उपाय म्हणून पोटॅशियम सॉर्बेट घालतात. ते यीस्टला मारत नाही, पण वाढू देत नाही. पण सॉर्बेट जर बॅक्टेरियांच्या तावडीत सापडलं तर वाईनला जिरेनियमच्या पानांचा वास येतो असं वाचलं, आणि मी नाक मुरडलं. शिवाय माझ्याकडे नंबर तीन होता की! खोक्यावर छापलेलं: 0.5 मायक्रॉन, स्टराइल. यीस्टची पेशी पाच ते दहा मायक्रॉनची. दहा फुटांचा हत्ती एक फुटाच्या दारातून कसा जाईल? गणित पक्कं.

नंबर तीन लावला. अर्धा बुधला झाला आणि पंपाचा आवाज बदलला. मघाशी गुणगुणत होता तो आता कण्हायला लागला. धार बारीक झाली, कडांतून गळती वाढली. याचा अर्थ पॅड भरलेत, थांबा, नवे लावा. दुकान बंद झालेलं, रात्रीचे साडेअकरा. मी स्क्रू आणखी आवळले आणि उरलेली वाईन तशीच रेटली.

तीस बाटल्या भरल्या. मार्चच्या पार्टीत बारा संपल्या, आणि ज्यांनी आयुष्यात माझ्या कुठल्याच उद्योगाला बरं म्हटलं नाही त्यांनी दुसरा ग्लास मागितला. सहा बाटल्या ऐटीत नोन्नोंना देऊन आलो. त्यांनी एक उजेडात धरली आणि म्हणाले, "फार स्वच्छ आहे." हे कौतुक होतं असं मला तेव्हा वाटलं.

जूनमध्ये, गरम हवेचा पहिला आठवडा. सकाळी साडेसहाला नोन्नोंचा फोन. "वर ये. नाही, खाली ये. हळू ये."

त्यांच्या तळघरात वॉशिंग मशीनशेजारी रॅक होता. दोन बाटल्यांची बुचं उडालेली, भिंतीवर डाग. तिसरी फुटलेली. काचेचा एक तुकडा समोरच्या लाकडी खांबात रुतून बसला होता, साधारण माझ्या छातीच्या उंचीवर. नोन्नो रोज रात्री झोपण्याआधी तिथे येऊन स्वतःच्या पिंपाकडे एकदा बघून जातात. त्या रात्री गुडघा दुखत होता म्हणून उतरले नव्हते.

मी त्यांना काय बोललो ते आठवत नाही. सायकलचं हेल्मेट, बागकामाचे हातमोजे आणि लेकाचा पोहायचा चष्मा घालून त्यांच्या उरलेल्या तीन आणि माझ्या बारा बाटल्या ओल्या चादरीत गुंडाळून बर्फाच्या टबात ठेवल्या. गार केलं की गॅस द्रवात विरघळतो, दाब उतरतो. मग एकेक बूच, तोंड दुसरीकडे करून.

आणि मग जे आधी करायला हवं होतं ते केलं, म्हणजे हिशोब. शॅम्पेनच्या बाटलीत मुद्दाम गॅस आणण्यासाठी लिटरला सुमारे 24 ग्रॅम साखर घालतात. त्यातून सहा वातावरणांएवढा दाब होतो, म्हणून त्या बाटलीची काच तेवढी जाड असते. माझी साखर लिटरला 30 ग्रॅम होती. साध्या बाटलीत.

आणि तो हत्ती? खोक्यावरचं 0.5 हे 'नॉमिनल' होतं. म्हणजे त्या आकाराचे बहुतेक कण अडतील, सगळे नाही. पॅड म्हणजे छिद्रांची चाळण नव्हे, तंतूंचं जंगल आहे. कण वाटेत अडकतात, आणि मागून दाब वाढवला की अडकलेले सुटून पुढे सरकतात. मी नेमकं तेच केलं होतं. शिवाय पुढची नळी, बुधला, बाटल्या धुतलेल्या होत्या, निर्जंतुक नव्हत्या. त्यातलं यीस्ट तर फिल्टरला भेटलंच नाही. मोठ्या वायनरीत गोड वाईन 0.45 मायक्रॉनच्या 'अ‍ॅब्सोल्यूट' पडद्यातून काढतात आणि तो पडदा धड आहे की फाटलाय हे दाब लावून, गाळण्याआधी आणि नंतर, तपासतात. आधी आणि नंतर! रोज दुसऱ्यांचा कोड टेस्टशिवाय परत पाठवणारा हा प्राणी खोक्यावरचा एक शब्द वाचून गप्प बसला होता.

वाचता वाचता कळलं की इटलीत आस्तीच्या लोकांनी याच मस्कतशी याच कारणावरून पिढ्यान् पिढ्या झुंज दिली आहे. वाईन गोड राहावी म्हणून ते ती कापडी पिशव्यांतून पुन्हा पुन्हा गाळत, यीस्ट काढत, ते परत वाढलं की परत गाळत. आता तिथे थंडी, फिल्टर आणि पोलादी टाक्या आहेत.

आठवड्याने नोन्नोंकडे गेलो. खांबातला तुकडा त्यांनी काढला होता, खाच तशीच होती. तेव्हा विचारलं, एक उन्हाळा का? म्हणाले, "उन्हाळ्यात तळघर तापतं. तिच्या पोटात काही उरलं असेल तर तेव्हा उठतं. बुधल्यात उठलं तर बुडबुडे येतात." पुढचं वाक्य त्यांनी खांबाकडे बघून सोडून दिलं.

2023च्या द्राक्षांची वाईन मी 2024च्या सप्टेंबरात बाटल्यांत भरली. तोवर ती आपोआप निवळली होती, तरी हौस म्हणून नंबर एकमधून काढली. पंप शेवटपर्यंत गुणगुणत होता. कोरडी आहे. पार्टीला बाटलीशेजारी साखरेचा डबा आणि चमचा ठेवतो. ज्याला हवी त्याने आपापल्या ग्लासात घालावी. नोन्नोंना ते बघवत नाही, पण सहा बाटल्या त्यांनी घेतल्या. वॉशिंग मशीनशेजारच्या त्याच रॅकवर ठेवल्यात.