खांदेमळणी

चि. धाकटीस,


उद्या पोळा, म्हणून मी भाऊकडे गावी आले आहे. रात्रीचे साडेनऊ झालेत. ओसरीवर बसून तुला लिहिते आहे. फोन केला असता, पण फोनवर तू लगेच "मी बरी आहे" म्हणतेस आणि माझं बोलणं तिथंच खुंटतं. पत्राला तसं थांबवता येत नाही.

संध्याकाळी भाऊने खांदेमळणी केली. ट्रॅक्टर आल्यापासून दावणीला एकच जोडी उरली आहे, पण त्याने रीत सोडलेली नाही. बैल ओढ्यावर धुऊन आणले, वाटीत तूप घेऊन हळद कालवली आणि जिथं जू बसतं त्या घट्ट्यावर तो कितीतरी वेळ हात फिरवत राहिला. आधी बैलाची कातडी थरारली. मग त्याने हळूच मान खाली सोडली आणि डोळे मिटले. भाऊने त्याला उद्याच्या जेवणाचं आवतण दिलं. दादाही असंच द्यायचे, आठवतं? मी शेजारी उभी होते आणि सारखी तूच डोळ्यांसमोर येत होतीस.

गेल्या मंगळवारी तू बोलत होतीस तेव्हा मागे नळ वाहत होता. न्हाणीघराचं दार लावून बोलत होतीस ना? बाहेरून सासूबाई दार वाजवत होत्या, "मला घरी जायचंय" म्हणत होत्या. चाळीस वर्षं ज्या घरात काढली त्याच घरात उभ्या राहून. तू म्हणालीस, "अक्का, दिवसातली एवढी पाच मिनिटंच माझी." त्या दिवसापासून माझ्या डोळ्याला डोळा नाही.

आता माझं ऐक. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. यांना अर्धांगवायू झाला आणि ते सहा वर्षं अंथरुणावर होते. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. रात्रीसुद्धा मी गजर लावून उठायचे. विचारेल त्याला सांगायचे, सवय झाली. चौथ्या वर्षी एका सकाळी त्यांच्या तोंडातून पेज सांडली आणि मी हातातली वाटी भिंतीवर फेकली. त्यांची वाचा गेलेली होती. त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी किती वाईट बाई आहे, असं मला कितीतरी दिवस वाटत राहिलं. मी तीन वर्षांत सलग चार तास झोपले नव्हते, हे मात्र माझ्या ध्यानातही आलं नाही.

ती वाटी धाकट्या जावेने उचलली. फरशी पुसली आणि म्हणाली, "ताई, उद्यापासून चार ते पाच मी बसते. त्या वेळात तुम्ही घरात थांबायचं नाही."

पहिले दोन दिवस मी गल्लीच्या वळणावरून परत आले. तिसऱ्या दिवशी रिक्षा केली आणि मुकुंदराजांच्या समाधीकडे गेले. अंबाजोगाईत इतकी वर्षं राहून मी तिथं सणावारीच जायचे. ज्यांनी शके १११० मध्ये 'विवेकसिंधु' रचला असं मानतात, त्यांच्या दारी मी ध्यान करायला गेले नव्हते. घरात श्वास पुरत नव्हता, म्हणून गेले होते. दरीकडे तोंड करून बसले. आठ दिवस तर नुसती पेंग यायची. देवाच्या दारी झोपते म्हणून लाज वाटायची. झोप थोडी भरून निघाली तसं रडू यायला लागलं, कशाचं ते सांगता येत नव्हतं. ते रडू ओसरलं आणि एके दिवशी मला दरीतल्या पाखरांचे आवाज ऐकू आले. ती रोजच बोलत असणार.

मनाची शांती मला अशी पायरी-पायरीने कळली. आधी शरीराची झोप, मग साठलेलं रडणं, आणि त्यानंतर कुठं ऐकू येणं. आपण पहिल्या दोन पायऱ्या ओलांडून एकदम तिसरीवर जाऊ बघतो आणि जमलं नाही की स्वतःलाच दोष देतो. तुला कुणी दहा मिनिटं डोळे मिटून बसायला सांगितलं आणि तुला झोप लागली, तर झोप. तीच तुझी साधना समज.

त्या एका तासाने यांचंही भलं झालं. परत आल्यावर माझा हात हलका पडायचा. पेज पाजताना ते तोंड फिरवायचे, तेही थांबलं.

तुझं ओझं माझ्याहून वेगळं आहे. हे जागचे हलत नव्हते, सासूबाई जागेवर थांबत नाहीत. स्मृतिभ्रंशाची माणसं सांभाळणाऱ्यांसाठी अमेरिकेतल्या नॅन्सी मेस आणि पीटर रेबिन्स यांनी १९८१ साली पुस्तक लिहिलं. त्याचं नाव 'छत्तीस तासांचा दिवस' अशा अर्थाचं आहे. नाव वाचलं आणि तुझाच दिवस आठवला. आपल्या देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना हा आजार असल्याचा अंदाज आहे. म्हणजे दार लावून नळ सोडणाऱ्या कितीजणी असतील, विचार कर.

दिवेलागणीला सासूबाईंची तगमग वाढते, ती या आजारातच असते. तुझं काही चुकत नाही. म्हणून तुझा तास दुपारचा ठेव, संध्याकाळसाठी बळ राहील. "घरी जायचंय" म्हणाल्या तर "हेच घर आहे" म्हणून वाद घालू नकोस, त्यांच्या माहेरची विहीर, अंगण काढून बोल. ब्युरोची मावशी ठेवायला तू कचरतेस, लोक काय म्हणतील म्हणून. लोक रात्री तीनला उठून दार बघायला येत नाहीत. खर्च दिरांशी बोलून वाटून घ्या. आणि रविवारची सकाळ जावईबापूंची, हे मी त्यांना स्वतः सांगणार आहे. आई त्यांची आहे, त्यांनाही तिच्याजवळ बसायला मिळू दे. मन फारच भरून आलं आणि माझा फोन लागला नाही, तर १४४१६ लाव. टेली मानस ही सरकारी सेवा आहे, पैसे पडत नाहीत, रात्रीबेरात्रीही मराठीत बोलतात.

आणि एक ठरवलं आहे, त्यात तुझं काही ऐकणार नाही. पोळा झाला की परवाच्या एसटीने मी पुण्याला येते आणि पंधरा दिवस राहते. सासूबाईंना मी सांभाळीन. कूस बदलणाऱ्या हातांना हेही जमेल. गणपती, महालक्ष्म्या सगळं तुझ्या घरी मी करीन. महालक्ष्म्या माहेरपणाला येतात त्या दिवसांत तू इथं माहेरी असशील. भाऊने माळवदाची खोली सारवून ठेवली आहे. वहिनी म्हणते, उठवायचं नाही, आपोआप जाग येईपर्यंत झोपू द्यायचं.

बैलाला बोलता येत नाही, तरी त्याचा खांदा दुखत असेल हे आपल्या जुन्या माणसांनी ओळखलं आणि वर्षातून एकदा तरी त्यावर हात फिरवायची रीत घातली. तुला बोलता येतं, आणि तू "बरी आहे" म्हणतेस. येताना काही आणू नकोस. नुसती ये, आणि मान खाली सोड.

तुझी,
अक्का