आमची चार वाजतांची संध्या

ज्याचा जन्म दुसऱ्यांस शिकविण्यांत गेला, त्याला उतारवयांत स्वतः शिकावयाची पाळी आली म्हणजे प्रथम लाज वाटते, व मागाहून बरें वाटतें. आम्ही जुन्या अकरावीपर्यंत, म्हणजे आमच्या वडील मंडळींच्या भाषेंत मॅट्रिकपर्यंत, शिकलों. संस्कृत वाईस एका शास्त्रीबुवांच्या ओसरीवर बसून घोकलें. आणि पस्तीस वर्षें मास्तरकी करून घरीं बसलों. 'तुमची देवावर श्रद्धा आहे काय?' असें कोणीं आम्हांस विचारलें असतें, तर 'हा काय प्रश्न झाला!' असेंच उत्तर आम्हीं दिलें असतें. त्रिकाळ नव्हे, तरी दोन वेळची संध्या आमच्या हातून सहसा चुकली नव्हती. परंतु ज्याला आम्ही श्रद्धा समजत होतों तें बहुतेक पाठांतर होतें, हें कळावयास एका जिवलग स्नेह्याचा जीव धोक्यांत यावा लागला. ती हकीकत त्यांच्याच संमतीनें येथें सांगत आहों.

त्यांस आम्ही तात्या म्हणतों. एवढें नांव पुरे. शास्त्रीबुवांच्या ओसरीवर आम्ही दोघे शेजारीं बसत असूं, आणि पाठांतरांत ते नेहमीं आमच्या पुढें असत. तीन वर्षांपूर्वीं त्यांची पत्नी वारली. चिरंजीव पुण्यास नोकरीस. त्यांतच काचबिंदूनें दृष्टि अधू होत चालली. या विकारानें गेलेली दृष्टि परत येत नाहीं. उरलेली राखतां येते, एवढेंच. ज्याचा सारा विसांवा पोथ्यापुस्तकांत, त्याला अक्षर दिसेनासें झालें म्हणजे काय होत असेल, याचा विचार आम्हीं कधीं केला नाहीं. 'देवाची इच्छा' असें म्हणून आम्ही मोकळे झालों.

कार्तिकांतली एक संध्याकाळ आम्हांस अजून डाचते. गणपतीच्या घाटावर आम्ही दोघे बसलों होतों. तात्या म्हणाले, "अरे, माझीं पुस्तकें तूं घेऊन जा. मला आतां त्यांचा काय उपयोग?" आम्हांस त्यांत कांहींच वावगें वाटलें नाहीं. थोड्या वेळानें त्यांनीं विचारलें, "ईशावास्यांतला तिसरा मंत्र तूं पोरांना कसा समजावीत होतास रे?" झालें! मास्तराला प्रश्न विचारला, मग काय विचारतां? 'आत्महन' म्हणजे जीव देणारे, त्यांस अंधारानें वेढलेले लोक प्राप्त होतात, सबब तें महापाप, असें आम्हीं पाऊण तास निरूपण केलें. तात्या ऐकत होते. शेवटीं "बरें, चल, गार वारा सुटला" एवढें म्हणून ते उठले.

पुढें पांचच दिवसांनीं जें घडावयाचें तें घडलें. तें कसें घडलें हें सांगण्यांत अर्थ नाहीं. शेजारच्या वहिनींच्या सावधपणामुळें वेळेवर उपचार झाले व तात्या वांचले. रुग्णालयांत त्यांच्या उशाशीं आम्ही बसलों, तेव्हां आम्हांस राग आला होता, हें कबूल केलें पाहिजे. "हें काय केलेंस? एवढा शास्त्र शिकलेला तूं!" असें आम्ही बोलून गेलों. तात्यांनीं डोळे मिटले आणि हळूच म्हटलें, "तुझा मंत्र आठवला होता रे. पण भीतीनें माणूस थांबत नाहीं. त्या दिवशीं मी विचारलें, आणि तूं शिकवीत बसलास."

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. पहांटे उठून शंकराचार्यांचें ईशावास्यावरील भाष्य काढलें. चाळीस वर्षें तें पुस्तक आमच्या फडताळांत आहे. पण त्या मंत्रापाशीं आम्ही ऐकीव अर्थावरच विसंबून राहिलों होतों. आचार्यांनीं तेथें 'आत्महन' या शब्दानें जीव देणारा दुःखी मनुष्य घेतलाच नाहीं. आपलें खरें स्वरूप न ओळखणारे अज्ञानी जन, असा अर्थ ते करितात. म्हणजे त्या शब्दांत तात्या बसत नव्हते. बसतच असेल तर समोरच्या माणसाचा आत्मा न ओळखतां व्याख्यान देणारा मास्तर बसत होता. त्यानंतर महिनाभर संध्येस बसलों कीं आचमनाचें पाणी हातांत तसेंच राही.

घरच्या मंडळींस दुसरीच भीति होती. आतां पोलीस येतील, खटला होईल, अब्रू जाईल! यासाठीं पुष्कळ घरीं हें संकट झांकून ठेवितात व उपचारही टाळितात. वस्तुस्थिति अशी कीं, २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलांत आला, आणि असा मनुष्य तीव्र ताणाखालीं होता असेंच गृहीत धरून त्यास शिक्षा करूं नये, असें त्यानें ठरविलें. त्याच्या उपचाराची व पुनर्वसनाची जबाबदारीही सरकारवर टाकिली. पुढें १ जुलै २०२४ पासून जुनी दंडसंहिता जाऊन भारतीय न्यायसंहिता आली, तींत हें जुनें ३०९ वें कलम उरलेंच नाहीं. कायद्याला जी करुणा सुचली ती आम्हां शास्त्र शिकलेल्यांस सुचूं नये, याचें वैषम्य वाटलें.

रुग्णालयांतील डॉक्टरीणबाई वयानें आमच्या नातीएवढ्या. त्या म्हणाल्या, "आजोबा, त्यांना उपदेश नको. औषधें मी देतें. तुम्ही रोज एक वेळ ठरवून जात जा. आणि मनांत पुन्हा तसा विचार येतो का, हें सरळ विचारायला भिऊं नका. विचारल्यानें तो विचार कोणाच्या डोक्यांत नव्यानें शिरत नाहीं. उलट ओझें हलकें होतें." आम्हीं चारची वेळ ठरविली. दिसत नाहीं त्यांस वाचून दाखवावें, म्हणून गीता घेतली.

आणि येथें जन्मभर पाठ असलेला ग्रंथ आम्हांस प्रथम दिसला. पहिल्या अध्यायाचें नांवच विषादयोग. खचलेला अर्जुन बोलतो, आणि त्या संबंध अध्यायांत भगवंतांच्या तोंडीं समोरचे कौरव पाहा, एवढेंच वाक्य आहे! दुसऱ्या अध्यायाच्या आरंभीं ते अर्जुनास दुबळेपणाबद्दल झिडकारतात. त्याचा परिणाम काय झाला? कांहीं नाहीं. अर्जुन 'लढणार नाहीं' म्हणून गप्प बसतो. मग भगवंतांच्या मुखावर हास्य येतें, आणि अकराव्या श्लोकापासून खरें बोलणें सुरू होऊन अठराव्या अध्यायापर्यंत चालतें. साक्षात् भगवंतांचें झिडकारणें जेथें वांयां गेलें, तेथें आमची काय कथा! सारथी रथ सोडून गेला नाहीं, हीच खरी गोष्ट. हें तात्यांस सांगितलें, तेव्हां पुष्कळ दिवसांनीं ते हंसले आणि म्हणाले, "उशिरां कळलें, पण कळलें तुला."

सर्वच दिवस असे गेले नाहींत. कित्येक दिवशीं ते भिंतीकडे तोंड करून पडत. आम्ही विचारीत असूं, "आज तसें वाटतें आहे का?" कधीं "नाहीं" म्हणत, एकदां "हो" म्हणाले. त्या रात्रीं आम्ही तेथेंच निजलों, चिरंजीवांस फोन केला, आणि सकाळीं त्यांस डॉक्टरीणबाईंकडे नेलें. हळूहळू ते आमच्या वाचनांतल्या चुका काढूं लागले. मग शेजारचा दहावींतला मुलगा संस्कृत विचारावयास येऊं लागला. त्यास ते तोंडी शिकवितात.

पावसाळ्यांत चिरंजीव त्यांस तीन महिने पुण्यास घेऊन गेले. तेव्हां दर सोमवारीं आम्ही पन्नास पैशांचें एक कार्ड टाकीत असूं. नातू त्यांस वाचून दाखवी. त्यांत असावयाचें काय? कृष्णेला पाणी किती, दारची अबोली फुलली कीं नाहीं, एवढेंच. आमचा एक पुतण्या वैद्यक शिकलेला आहे. त्यानें सांगितलें कीं, अमेरिकेंत सान फ्रान्सिस्को येथें जेरोम मोटो नांवाच्या डॉक्टरांनीं हेंच करून पाहिलें होतें. रुग्णालयांतून सुटल्यावर पुढील उपचार नाकारणारे ८४३ रुग्ण होते; त्यांतील निम्म्यांस पांच वर्षेंपर्यंत आपुलकीचीं छोटीं पत्रें पाठविलीं. त्यांत उपदेश नाहीं, मागणी नाहीं. २००१ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला कीं, ज्यांस पत्रें गेलीं त्यांच्यांत आत्मघात कमी झाले. पहिल्या दोन वर्षांत हा फरक विशेष स्पष्ट होता. आम्हांस नवल वाटलें नाहीं.

'श्रद्धा' या शब्दाची फोड आम्ही मुलांस सांगत असूं: श्रत् अधिक धा. निघंटूंत 'श्रत्' हा शब्द सत्याच्या नांवांत दिला आहे. कित्येक युरोपीय पंडित त्याचें नातें हृदयवाचक शब्दाशीं जोडतात. दोन्ही अर्थ घेतले तरी 'धा' म्हणजे ठेवणें, हें उरतेंच. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत श्रद्धेला देवता मानून एक संबंध सूक्त आहे, तें आम्हांस तोंडपाठ होतें. पण ठेवावयाचें तें कोठें, हें ठाऊक नव्हतें. आतां आम्ही तें रोज चार वाजतां तात्यांच्या ओसरीवर ठेवितों. देव आहे कीं नाहीं, हा वाद आम्ही आतां करीत नाहीं. कोणी तरी आपली वाट पाहत आहे, आणि आपण गेलेंच पाहिजे, एवढ्या जाणिवेंतून आम्हांस त्याची ओळख पुन्हा पटली. हल्लीं आचमनाचें पाणी हातांत अडत नाहीं.

वाचकहो, आपल्या भरल्या घरांतही एखादे काका, एखादी सासुरवाशीण, परीक्षेंत मागें पडलेला एखादा मुलगा आपलें कांहीं वाटून टाकूं लागला, 'माझा काय उपयोग?' म्हणूं लागला, तर पाऊण तास बोलूं नका. जवळ बसून विचारा व ऐका. आपल्यानें निभत नसेल तर डॉक्टरांकडे न्या. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली मानस' ही सरकारी सेवा चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य आणि मराठींतही बोलतां येतें. तो क्रमांक देवघराशेजारच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. आमच्या सूनबाईंनीं आमच्या घरीं लिहिला आहे.

आणखी पुष्कळ लिहितां आलें असतें. पण पावणेचार झाले आहेत, आणि तात्यांस उशीर खपत नाहीं.