विमा बाळंतपणाला आहे, तांबीला नाही

अकलूजमध्ये आम्हा कामगारांना मालकाने आरोग्य विमा दिला. बाळंतपणाचा खर्च त्यात आहे. गर्भनिरोधन आणि नसबंदी मात्र वगळलेली. विमा नियामकाच्या प्रमाणित अपवादांतला तो क्रमांक १७.

बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत ठराव मांडला होता : संततिनियमनाची पुरेशी सोय सरकारने करावी. ११ विरुद्ध ५२ मतांनी तो पडला.

आज सरकारी दवाखान्यात तांबी फुकट बसते, हे खरंच. पण त्यासाठी खाडा पडतो, रोज बुडतो. कुणाचा? बाईचाच. (नसबंदीचं नाव काढलं की आमचे क्रांतिकारी भाऊ चहाला जातात.)

विम्याचं नूतनीकरण होण्याआधी आम्ही मालकाला लेखी देणार आहोत : अपवाद १७ काढा, त्या दिवसाची भरपगारी रजा द्या, पुरुषांनाही. सह्या गोळा करतोय. भावांनो, चहा संपवून या.

जय भीम!