परतीच्या चढणीसाठी सायकल

शिकारीला जायची सायकल कशी असावी, हा प्रश्न आमच्या घरात गेल्या उन्हाळ्यात निघाला आणि पुढचा महिनाभर जेवणाच्या दस्तरखानवर रोज चालला. थोरल्याची दहावीची परीक्षा संपली होती. हाताला काम नव्हते. त्याच्या बरोबरीची मुले रात्री मोटारसायकली घेऊन सड्यावर जात, डोक्याला बॅटऱ्या लावून सशामागे फिरत. त्यालाही बोलावणे येऊ लागले. "नुसता बघायला जातो, अम्मी," असे तो म्हणे. पण बघायला गेलेला मुलगा दुसऱ्या रात्री बॅटरी धरतो आणि तिसऱ्या रात्री बंदूक, हे आईबापांना सांगावे लागत नाही.

ससा असो वा भेकर, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांची शिकार गुन्हा आहे. कोवळ्या वयात पोलिसांत आणि वनखात्यात नाव गेले की पुढची नोकरी, पासपोर्ट, सगळ्यावर त्याची सावली पडते. हे आम्ही त्याला सांगितले. पण कायद्याचे भय दाखवून मुलाचा ओढा मोडत नाही, फक्त लपतो. अब्बांनी, म्हणजे मुलाच्या दादांनी, वेगळी वाट काढली. ते म्हणाले, "बेटा, शिकार करायची ना? मग खाडीवर चल. हजच्या इहराममध्येसुद्धा जमिनीवरची शिकार मना आहे, पाण्यातली नाही. मासळीला जबह लागत नाही, लायसन लागत नाही. सब्र मात्र लागतो."

खाडी आमच्या घरापासून सहा किलोमीटरांवर. मोटारसायकल द्यायची नाही, हे ठरलेले होते. त्याचे वय अठराच्या आत, लायसन नाही. म्हणून सायकल.

सायकल म्हटल्यावर मुलगा खुलला. त्याने मोबाइलवर अमेरिकेतल्या शिकाऱ्यांच्या चित्रफिती दाखवल्या. तिकडच्या पश्चिमेकडील डोंगराळ राज्यांत सरकारी जंगलांचे कित्येक रस्ते फाटक लावून मोटारींना बंद केलेले असतात. जिथे सायकलीला परवानगी असते, तिथे शिकारी सायकलीवरून आत जातात. पायी चालण्यापेक्षा लवकर पोहोचता येते आणि इंजिनाचा आवाज नसल्याने जनावर बुजत नाही. त्यांच्या सायकलींचे टायर चार-चार इंच रुंद. वाळूत आणि बर्फात रुतू नयेत म्हणून त्यांत हवा अगदी कमी ठेवतात. एल्क नावाचे तिकडचे हरीण इतके मोठे असते की त्याचे मांस आणायला सायकलीमागे दोन चाकांची गाडी जोडतात, किंवा दोन-तीन फेऱ्या करतात. आणि ज्या जंगलांना 1964 च्या कायद्याने 'विल्डरनेस' म्हणून राखले आहे, तिथे सायकलीलाही बंदी. तिथे पायी किंवा घोड्यावरून जायचे. तिथले लायसन, हंगाम, किती जनावरे मारायची याची हद्द, सगळे ठरलेले असते.

"अशीच घेऊ या," मुलगा म्हणाला. आम्ही त्याला तसली सायकल घेऊन दिली नाही. पण त्या शिकाऱ्यांचा एक विचार मात्र घेतला. ते आधी विचारतात, वाट कशी आहे आणि येताना ओझे किती असेल? जाताना अंग ताजे असते, सामान थोडे असते. येताना अंग थकलेले, कपडे ओले, ओझे दुप्पट आणि उजेड कमी. म्हणून सायकल परतीच्या वाटेसाठी निवडावी.

आमची वाट अशी. सड्यावरून चार किलोमीटर सपाट डांबरी रस्ता, मग दीड किलोमीटर वळणावळणाचा उतार, शेवटी अर्धा किलोमीटर जांभ्याच्या खडीची वाट आणि पुढे पुळण. म्हणजे जाताना उतार, येताना चढण. कोकणात खाडीकाठच्या बहुतेक गावांची हीच कथा आहे, म्हणून हे सविस्तर लिहितो आहोत.

पहिली गोष्ट सायकलीच्या सांगाड्याची. दुकानात पुढे-मागे स्प्रिंगा असलेल्या चकचकीत सायकली होत्या. अब्बांनी मागच्या बाजूला हात लावून विचारले, "कॅरिअर कुठे बसणार?" मागे स्प्रिंग असली की साधे कॅरिअर नीट बसत नाही, आणि स्वस्तातल्या स्प्रिंगा वजनच वाढवतात. मग आम्ही जुनी, लोखंडी, 26 इंची चाकांची लेडीज सायकल पाहिली. मुलाचा चेहरा उतरला. "मुलीची सायकल? सगळे हसतील."

आम्ही त्याला कॅरिअरवर मासळीची पेटी बांधून दांड्याच्या काळ्या सायकलीवर बसायला सांगितले. मागे पेटी असली की पाय मागून टाकता येत नाही आणि दांडा असला की पुढूनही काढता येत नाही. चढणीत तोल गेला तर पाय अडकून ओझ्यासकट पडायची भीती. लेडीज सायकलीला मध्ये मोकळी जागा असते. पाय सरळ खाली टेकतो. दोनदा चढून-उतरून पाहिल्यावर तो गप्प झाला. खूश नव्हता, पण गप्प झाला. सायकल मात्र आपल्या उंचीची आहे की नाही, हे ज्याला चालवायची त्यानेच बसून पाहावे. गादीवर बसून दोन्ही पायांचे चवडे जमिनीला लागले पाहिजेत.

दुसरी गोष्ट चढणीची. साध्या सायकलीला पुढे 44 दाते आणि मागच्या फ्रीव्हीलला 18 दाते असणे नेहमीचे. 26 इंची चाकाला पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे पाच मीटर पुढे जाते. सपाट रस्त्याला हे बरे, पण ओझे घेऊन चढणीला गुडघे बोलू लागतात. आम्ही मेकॅनिककडून मागे 22 दात्यांचे फ्रीव्हील बसवून घेतले आणि चेन त्या मापाची केली. आता एका फेऱ्यात चार मीटरांहून थोडे जास्त अंतर जाते, पण जोर जवळजवळ पाचव्या हिश्श्याने कमी लागतो. गिअरच्या सायकलीपेक्षा हा खर्च फार थोडा, आणि खाऱ्या हवेत बिघडायला तारा-स्प्रिंगाही नाहीत. अगदी उभ्या चढणीला उतरून ढकलावे. त्यात कमीपणा नाही.

तिसरी आणि सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट ब्रेकची. लोखंडी चकचकीत रिम भिजली की रबराचे ब्रेक तिच्यावरून घसरतात. सायकल थांबायला बरेच जास्त अंतर घेते. पावसाळ्यात उतारावर हे जिवावर बेतू शकते. अॅल्युमिनियमच्या रिमवर ओला ब्रेक पुष्कळ चांगला धरतो. म्हणून पुढचे चाक तरी अॅल्युमिनियम रिमचे घेतले आणि चारही रबरे नवी बसवली. उतरणीला लागण्याआधी दोन्ही ब्रेक दाबून पाहायचे, उतारभर हलके दाबत राहायचे, आणि मुसळधार पावसात त्या दिवशी जायचेच नाही, असा घरचा नियम केला.

टायरच्या बाजूला हवेचे माप छापलेले असते. खडीवर त्यापेक्षा थोडी कमी हवा बरी, पण फार कमी केली तर दगडावर आपटून ट्यूब फाटते. पुळणीत आपला अरुंद टायर रुततोच. तिथे सायकल नेऊच नये, कडक जमिनीवर झाडाला कुलूप लावून ठेवावी.

मग सामान. याचे गुरू आमचे दूधवाले. त्यांच्या कॅन कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना, खाली लोंबतात. वजन जितके खाली तितका तोल सांभाळतो. आम्ही जाड ताडपत्रीच्या दोन पिशव्या शिवून घेतल्या. एकीत बर्फाची छोटी पेटी, दुसरीत पाण्याची बाटली, सुका खाऊ, जानमाज, हवेचा छोटा पंप, पाना, पंक्चरच्या पट्ट्या आणि सोल्युशन. दोन्हींचे वजन सारखे ठेवायचे. गरीच्या काठीचे तुकडे पाण्याच्या प्लास्टिक पाइपात घालून तो पाइप कॅरिअरला लांबीत बांधला. बांधायला जुन्या ट्यूबच्या पट्ट्या, त्या दोरीसारख्या सैल पडत नाहीत. गऱ्या झाकणाच्या डब्यातच ठेवायच्या, खिशात कधीही नाही. पुढे दिवा, मागे लाल परावर्तक आणि अंगात उजळ रंगाचा सदरा, कारण परतताना मगरिब होतेच.

शेवटी मीठ. खाडीची हवा आणि चिखल लोखंड खातात. घरी आल्यावर आधी मासळी नाही, आधी सायकल, असा अब्बांचा हुकूम आहे. गोड्या पाण्याने धुवायची, फडक्याने पुसायची, चेनला तेलाचे चार थेंब. पावसाळ्याआधी आणि नंतर छऱ्यांना ग्रीस.

कोणत्या दिवशी निघायचे, हे आपल्या घरातल्या चांदच्या तारखेवरून कळते. भरती रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा येते. कोकणातले जुने लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चांदची तारीख तिथीच्या साधारण एक मागे असते. म्हणून तीत एक मिळवायचा. चांदची 3 असेल तर चार, त्याची पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास भरती. पंधराच्या पुढे आकडा गेला तर पंधरा वजा करायचे. हा अंदाज आहे, घड्याळ नव्हे, पण सहा किलोमीटर पायडल मारायच्या आधी पुरेसा आहे. जोहर पढून निघायचे, पाणी चढताना गरी टाकायची, अस्रनंतर परतायचे. वजूसाठी खाडीचे खारे पाणी चालते, हेही मुलांना तिथेच शिकवता आले.

मिळते काय? कधी दोन तांबोशी, कधी चार शिंगाळ्या, कधी काहीच नाही. तळहातापेक्षा लहान मासळी परत सोडतो. पिशवीत मावेल तेवढेच न्यायचे; सायकलीने ही हद्द आपोआप घालून दिली आहे. गरजेपेक्षा जास्त जीव घेणे म्हणजे इस्राफ, हे आता मुलाला वेगळे सांगावे लागत नाही. एखादा मासा जास्त आलाच तर शेजारच्या खालांच्या घरी जातो.

रात्रीची बोलावणी थांबली असे म्हणता येणार नाही. पहिल्या महिन्यात आम्ही एकदा 'नाही' म्हटल्यावर तो दोन दिवस बोलला नव्हता. पण त्यानंतर तो रात्री सड्यावर गेलेला नाही. कारण त्याने एकदा आम्हाला सांगितले: तिकडे सगळे मिळून ओरडतात, खाडीवर दादा काहीतरी सांगतात. आणि सायकल लेडीज निघाल्याचा एक फायदा कुणी धरला नव्हता. सातवीतली धाकटी आता तीच सायकल चालवायला शिकली आहे आणि दादांना विचारते, "माझी पाळी कधी?" तिच्यासाठी गादी दोन इंच खाली घ्यायची आहे; पाना पिशवीत आहेच.

ज्यांच्या घरात शाळकरी मुलगा रात्रीच्या शिकारीला जायचा हट्ट धरून बसला असेल, त्यांनी नुसते दार बंद करू नये. त्याच्या हातात दुसरे काहीतरी द्यावे, जे त्याला स्वतः दुरुस्त करावे लागेल, ज्यावरून त्याला घाम गाळून परत यावे लागेल, आणि जमल्यास घरातले एक वडीलधारे माणूस त्याच्याबरोबर द्यावे. आमचे अब्बा एस.टी.ने जेटीपर्यंत येतात आणि संध्याकाळच्या गाडीने परततात. चढण मुलाचीच असते.