पाच रात्री आणि ‘एकच प्याला’

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक ज्याच्या कानावर आले नाही असा मराठी माणूस विरळा. आणि ते पुस्तक हाती धरून पहिल्या पानापासून अखेरच्या पानापर्यंत ज्याने वाचले असा मनुष्य त्याहूनही विरळा. सिंधूची पदे लोकांना पाठ असतात. तळीरामाचे विनोद लग्नाच्या मांडवात अजून ऐकू येतात. पण नाटक मात्र कपाटात पडून राहते. सेमिनरीत असताना, वीसएक वर्षांपूर्वी, भाषा सुधारावी म्हणून आम्ही ते वाचले होते. यंदा पावसाळ्यात आम्ही स्वतःशीच एक पैज लावली: पाच अंक, पाच रात्री, मोठ्याने वाचायचे, एकही पान गाळायचे नाही, आणि पदे आली की गुणगुणत बसायचे नाही. शेवटची अट सर्वांत कठीण गेली, हे वाचकांनी ओळखलेच असेल.

गडकऱ्यांचा जन्म 1885 साली नवसारीस, म्हणजे त्या काळच्या बडोदे संस्थानात झाला. 23 जानेवारी 1919 रोजी नागपूरजवळील सावनेर येथे ते वारले. तेव्हा त्यांचे वय अवघे तेहतीस वर्षांचे होते. ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग त्यानंतर महिनाभराने गंधर्व नाटक मंडळीने केला, तोही बडोद्यास. बालगंधर्व सिंधू झाले आणि गणपतराव बोडस सुधाकर. पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी लिहिली होती. ज्याने हे सारे निर्माण केले त्याला मात्र ते रंगभूमीवर पाहावयास मिळाले नाही. बडोद्याकडील आमच्या वाचकांनी हा मान आपल्या गावाचा आहे हे ध्यानात ठेवावे.

कथा बहुतेकांस ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. सुधाकर हा गरिबीतून बुद्धीच्या बळावर वर आलेला तेजस्वी पण मानी वकील. न्यायालयात अपमान होतो, शब्दाला शब्द वाढतो आणि त्याची सनद काही काळ काढून घेतली जाते. त्या जळत्या मनाला त्याचा कारकून तळीराम दारूचा एक प्याला पुढे करतो. एकच! तेथून घसरगुंडी सुरू होते. श्रीमंत घरची लेक सिंधू दुसऱ्यांची दळणे दळू लागते. अखेरीस त्याच्याच हातून पोटचे मूल जाते, सिंधू जाते, आणि तो विष घालून शेवटचा प्याला घेतो.

पहिल्या दोन रात्री आनंदात गेल्या. आर्य मदिरा मंडळाची बैठक वाचताना हसू आवरेना. गडकऱ्यांची कोटी ही फटाक्यांच्या माळेसारखी. एक वाजली की पुढची पेटलेलीच असते. मात्र भगीरथ व शरद यांची भाषणे आली की घड्याळाकडे नजर जाई. पैज नसती तर ती पाने आम्ही खुशाल उलटली असती. तळीरामाच्या आजारपणात वैद्य-डॉक्टरांची जी भांडणे जुंपतात ती आजही कोणत्याही इस्पितळाच्या दारात शोभावीत.

पण या वाचनात आम्हाला थांबविले ते एका लहानशा भागाने. सुधाकर दारू सोडतो. खरोखरच सोडतो. मग तो जुन्या ओळखीच्या प्रतिष्ठित मंडळींकडे काम मागावयास जातो, आणि तेथे त्याला उपहास व अवहेलना यांवाचून काही मिळत नाही. तो परत फिरतो तो पुन्हा प्याल्याकडेच. पहिल्या प्याल्यावर सर्वांनी व्याख्याने दिली आहेत; आम्हीही प्रवचने दिली आहेत. या दुसऱ्या पहिल्या प्याल्याबद्दल कोणी फारसे बोलत नाही. तो तळीरामाने भरलेला नाही. तो सभ्य, निर्व्यसनी, नाकासमोर चालणाऱ्या लोकांनी भरला आहे.

पुढे सुधाकर रामलालला दारुड्याच्या अवस्था समजावून सांगतो व कोणत्याही अवस्थेत सुटका नाही असे सिद्ध करू पाहतो. भाषण दणदणीत आहे. पण त्याच नाटकात त्याला उत्तरही आहे, आणि ते त्या कंटाळवाण्या भगीरथापाशी आहे! भगीरथही प्याल्यात बुडालेलाच होता. तो वर आला, कारण रामलालने त्याला हाती धरले आणि जगण्याला काही काम दिले. एकाच लेखकाने दोन बुडणारे दाखविले. एक तरला, एक बुडाला. भगीरथाची पाने आम्ही मग मागे जाऊन पुन्हा वाचली. ती अजूनही लांबलीच आहेत, पण आता घड्याळ आठवले नाही.

आपल्या घरांतून प्याला परका नाही. सणावाराला, लग्नकार्याला, बाप्तिस्म्याच्या जेवणाला तो असतोच, आणि तो धरणारा प्रत्येक हात काही सुधाकराचा नसतो. तेव्हा आपल्यात दारू पिणाऱ्याकडे पाहून हसणे सोपे आणि दारू सोडणाऱ्याला ओळखणे अवघड. आमच्याच वाडीत एक गवंडी आहे. नाताळापासून त्याने थेंब घेतलेला नाही. हात उत्तम, ओळंबा सरळ. पण मुकादम म्हणतो, “पाहू पुढच्या महिन्यात.” तो पुढचा महिना अद्याप उगवलेला नाही. रविवारी तो मिस्साला येतो, मागच्या बाकावर बसतो, आणि त्याच्या शेजारची जागा बहुधा रिकामीच राहते.

मोठ्याने वाचण्याचा एक परिणाम असा झाला की आमच्याकडे स्वयंपाक करणाऱ्या मावशी तिसऱ्या रात्रीपासून पडवीत येऊन बसू लागल्या. हातात निवडायचे तांदूळ, कान इकडे. चौथ्या रात्री त्या म्हणाल्या, “फादर, भाऊ एवढा पैसेवाला, तर ती माहेरी का गेली नाही हो?”

आम्ही सांगितले, की पतीला दिलेल्या शब्दाखातर तिने भावाची मदत नाकारली.

“शब्द दिला खरा,” मावशी म्हणाल्या, “पण पोरानं कुठं दिला होता?”

यावर आम्हाला उत्तर सुचले नाही. मरणाच्या दारात असलेली सिंधू फौजदारासमोर नवऱ्याला वाचविण्यासाठी खोटे बोलते, तो प्रवेश पाचव्या रात्री वाचला. 1919 च्या प्रेक्षकांनी तिला पतिव्रतेचा आदर्श मानले, आणि तिचे दुःख वाचताना आमचाही आवाज जड झाला हे खरे. तरी आम्ही वेदीपुढे वधूवरांकडून सुखदुःखात एकनिष्ठ राहण्याचे वचन घेतो, मार सोसून गप्प राहण्याचे घेत नाही. ज्या माउलीच्या घरी असे घडत असेल तिने आमच्याकडे यावे, भावाकडे जावे, फौजदाराकडेही जावे, खरे सांगावे. सिंधूच्या थोरवीला त्याने उणेपणा येत नाही, आणि लेकरू वाचते.

पुस्तक मिटले तेव्हा पाऊस थांबला होता. मावशींनी तांदळाचे सूप खाली ठेवले आणि म्हणाल्या, “फादर, तो काम मागायला जातो, तेवढं परत वाचा ना. त्या दिवशी मला नीट ऐकू आलं नाही.” आम्ही पाने मागे उलटली. दिव्याभोवती पाखरे जमली होती, ती हाताने बाजूस सारीत तो भाग सावकाश पुन्हा वाचला. तो संपेपर्यंत मावशी काही बोलल्या नाहीत. मग पदर सावरून उठताना त्यांनी एवढेच विचारले, की चर्चच्या मागील कुंपणाची भिंत यंदा बांधायची आहे ना, आणि तिचे काम अजून कोणाला दिलेले नाही ना?